प्रत्येकाचं गणित बरोबर, बेरीज चूक

प्रत्येकाने आपापलं बघितलं की सगळ्यांचं आपोआप भलं होतं, असं म्हटलं की लोक लगेच ॲडम स्मिथला पुढे करतात. १७७६ सालचं ते खाटीक आणि बेकरीवाल्याचं उदाहरण, की तो काय उपकार म्हणून पाव भाजत नाही, स्वतःच्या पोटासाठी भाजतो आणि आपल्याला पाव मिळतो. पावाचं पटतं मला, त्यात काही वाद नाही. पण बोअरचं काय?

आमच्याकडे उन्हाळा लागला की बोअरची गाडी येते. आधी पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरणार, नारळ उभा राहिला की तिथं चुना टाकायचा, मग रात्रभर घरघर आणि पांढरी धूळ, केसिंग उतरलं, तीनशे फूट झालं, पाचशे झालं, मालक कर्ज काढून बसलेला असतो त्यामुळे तो थांबा म्हणत नाही. २००९ चा भूजल कायदा शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जाऊ नका म्हणतो, म्हणजे जेमतेम २०० फूट, पण गाडीवाल्याला कोण सांगणार. पाणी लागलं की पेढे. आणि शेजारच्या चुलत्याची विहीर आटली की तोही गाडी बोलावतो, आणखी शंभर फूट खाली.

यात हावरट कोणीच नाही हो. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे, कांद्यासारखा भाव कोसळत नाही, मग माणूस ऊसच लावणार ना? पण खडकातल्या भेगांना सातबारा कळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि तो ऊसवाला जिल्हा.

पाणी राखलेल्या हिवरे बाजार गावाचं नाव काढलं की लोक म्हणतात तिथं पोपटराव पवारांसारखे सरपंच होते. खरंय, पण शेतीच्या बोअरला बंदी, उसाला बंदी आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, हे गावाने पाळलं ते काही संतपणा म्हणून नाही, विहिरीला पाणी राहिलं तर आपलंच पीक येतं म्हणूनच की. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंची पाणी पंचायत तर त्याच्याही पुढची, पाणी जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांवर, माणशी अर्ध्या एकराचं पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. १९७२ च्या दुष्काळानंतरची गोष्ट. स्वार्थ तिथंही होताच, फक्त हिशोब एका वहीत.

आमच्या ग्रामसभेतही बोअरबंदीचा विषय निघाला. सगळ्यात जोरात बंदीच्या बाजूने कोण बोललं माहितीये? ज्यांचे आधीच चार-चार बोअर चालू आहेत ते. नवीन बंद करा म्हणाले, जुन्यांचं नंतर बघू.