टॉवेलची गुंडाळी

शनिवार, रात्री ११

पिल्लू आज कळपात गेलं.

मंगळवारी दांडिया बाजारातून फोन आला. विश्वामित्रीतली मगर अंगणात आली की बडोदेकर ज्या शांतपणे कळवतात, तसा नव्हता हा फोन. पलीकडची बाई रडत होती. विजेच्या तारेचा धक्का बसून वानरीण खाली पडली होती आणि पिल्लू तिला घट्ट धरून होतं. आम्ही पोचलो तोवर वाड्यातल्यांनी समोर केळी, पोळी, बिस्किटं ठेवली होती. जीव कळवळूनच ठेवली होती. पण वानराच्या पोटात पाला आंबवून पचवणारे कप्पे असतात, साधारण गाईसारखे. गोडधोड, पिठाचं त्यांना सोसत नाही. पिंपळाची कोवळी पानं पुढे केली, तर बराच वेळाने त्याने एक चावलं.

तळवा भाजला होता म्हणून, वनखात्याला कळवून, चार रात्री ते आमच्याकडे राहिलं. बिलगायला टॉवेलची गुंडाळी दिली. तरी पहिल्या रात्री मलम लावताना त्याने माझं बोट धरलंच. काळी, सुरकुतलेली, थंडगार बोटं, बारीक काळी नखं. सोडवेना. खरं तर मला सोडवायचंच नव्हतं. आई फोनवर म्हणाली, "मारुतीरायाचं लेकरू ते, पोटाशी धर गं." आमचे डॉक्टर म्हणाले, "ताई, टॉवेल द्या, हात काढून घ्या." माणसाला न भिणारं वानर रस्त्यावर उतरतं आणि मग गाठ कुत्र्यांशी, गाड्यांशी असते.

तेव्हापासून बोर्निओ डोक्यातून जात नाही. संशोधक बिरुटे गाल्डिकास १९७१ मध्ये त्या बेटावरच्या जंगलात गेल्या, ओरांगउटानांचा अभ्यास करायला. ओरांगउटानचं पिल्लू सहा-सात वर्षं आईला सोडत नाही. कुठलं फळ कधी पिकतं, रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवं घरटं कसं करायचं, सगळं तिच्याकडूनच शिकतं. जंगलतोडीत आई गेली की ते माणसांना शिकवावं लागतं, वर्षानुवर्षं. रोज रानात न्यायचं, झाडावर चढवायचं, आणि ते वर रमू लागेल तसं आपण मागे सरायचं. माणसाचे रोग त्यांना लागतात, म्हणून क्षयाची, काविळीची तपासणी केल्याशिवाय सोडायचं नाही. ओरांगउटानच्या तिन्ही जाती आज नामशेष व्हायच्या काठावर आहेत. आपल्या वानरांचं तसं नाही, हे कळतं मला. पण मला चार रात्रीच जड गेल्या. सात वर्षं वाढवून मागे फिरणाऱ्या बाईचं काय होत असेल?

आज सकाळी त्याच वाड्याच्या गच्चीवर टोपली ठेवली आणि जिन्यात लपलो. वानरिणी एकमेकींची पोरं सांभाळतात, तेवढाच भरवसा. कळप आला. एक मादी जवळ आली, वास घेतला, टॉवेल ओढून पाहिला. हा सोडेना. तिने टॉवेलसकट उचललं. पिंपळावर गेल्यावर टॉवेल खाली पडला.

उद्या पहाटे जायचंय, लांबूनच. ती त्याला पाजते का, ते बघायला.