आमची वाटचाल : गंज किती काढायचा?

आमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात शिरताच दिसेल अशी एकच पाटी आहे : 'कागद आधी, बंदूक नंतर.' दादांनी, म्हणजे वडिलांनी, ती रंगवून घेतली होती. माळ्यावर आजोबांची रायफल सापडली म्हणून कुणी चादरीत गुंडाळून आणतं, तेव्हा आम्ही चादर सोडूच देत नाही. परवानाधारक वारला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचं, वारसाने आपल्या नावाने परवाना मागायचा आणि मग आमच्याकडे यायचं. परवान्यावरचा नंबर हत्यारावरच्या नंबराशी जुळला, तरच पेचकस हातात घेतो. पुण्यात असल्या पाटीचं कुणाला वाईट वाटत नाही, हे आमचं नशीब.

दादांनी सुरुवात केली ती एका लेथवर. तेव्हा शिकारीचे परवाने मिळत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते काम आटलं. "जंगलात उरलंय काय मारायला," एवढंच म्हणून दादा पाण्याच्या पंपांचे शाफ्ट कातायला बसले. पुढे पहारेकऱ्यांच्या बारा बोअरच्या बंदुका दुरुस्तीला आल्या. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं, त्यानंतर नेमबाज पोरांच्या एअर रायफली येऊ लागल्या. निवडणुकीनंतरही हंगाम असतो : आचारसंहितेत जमा केलेल्या बंदुका तांबेरा घेऊन परततात.

जुन्या बंदुका मूळ रूपात आणण्याचं काम मी सुरू केलं आणि पहिल्याच कामात माती खाल्ली. इंग्लिश दुनळी होती. मी ती बफिंगच्या चाकावर धरून आरशासारखी केली, नळीवरची कोरीव अक्षरं पुसट झाली. मग काळा रंग चढवायला कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात बुडवली. दोन नळ्या एकमेकींना मऊ डाखाने जोडलेल्या असतात आणि कॉस्टिक तो डाख खातं. जोड सुटला. मालकाने पैसे परत मागितले नाहीत, नुसतं बघितलं. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

त्यानंतर जे शिकलो ते एका रायफलीत कामी आलं. नारायण पेठेतल्या एक काकू मुलाला घेऊन आल्या. परवाना मुलाच्या नावावर, रायफल सासऱ्यांची : बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची, .३१५ बोअरची (नळीचं माप, इंचात). इंग्रजांनी फौजेची .३०३ काडतुसं लोकांच्या हाती पडू नयेत म्हणून ती बंद ठेवली होती, त्यामुळे हिंदुस्थानात शिकाऱ्यांकडे .३१५ दिसे. काकू म्हणाल्या, "पानशेतच्या पुरात वाड्यात पाणी शिरलं, तेव्हा ही खुंटीवर होती. वरून पुसत आलोय हो आम्ही, उघडली कुणीच नाही."

१२ जुलै १९६१ पासून उघडली नव्हती!

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा, काढला. स्क्रू हलेनात. साध्या पेचकसाचं पातं निमुळतं असतं, ते घसरून खाचेच्या कडा फाडतं. म्हणून प्रत्येक खाचेला बसेल असं पातं कानसून घेतलं. गंज सोडवणारं तेल थेंबथेंब घालून आठवडाभर थांबलो. ही रायफल ली बनावटीची. या घराण्यातल्या बऱ्याच रायफलींत पुढचं लाकूड उतरवल्याशिवाय मागचा लाकडी दस्ता धरून ठेवणारा लांब बोल्ट फिरवायचा नसतो. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं, जोर केला की लाकूड चिरतं. घाई करणाऱ्यांनी चिरलेली लाकडं आमच्या माळ्यावर ढीगभर आहेत.

लाकूड उतरलं आणि नळीखालच्या खोबणीत करडा, मैद्यासारखा बारीक गाळ. मुठेचा. मी काकूंना बोलावून घेतलं. त्या बराच वेळ बोटाने तो उकरत राहिल्या.

नळीच्या आतही दुखणं होतं. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळला की नळीत क्षार उरतात. ते हवेतलं पाणी ओढतात आणि तेलाने जात नाहीत, गरम पाण्यानेच धुवावे लागतात. इथे ते कुणी धुतले नव्हते, वर पुराचं पाणी. गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे खड्डे पडून खाल्ले गेले होते. मी स्पष्ट सांगितलं, ही जपून ठेवायची, झाडायची नाही.

मुलाला चकचकीत हवी होती. "काका, नवी दिसली पाहिजे." काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि मी बफिंगचं बटण न दाबता सुटलो. बाहेरून गंजाचा काळा रंग चढवला : पोलाद तेलकटपणा जाईपर्यंत पुसायचं, द्रावण लावायचं, दमट जागी गंज धरू द्यायचा, पाण्यात उकळायचं. तांबडा गंज काळा होतो, वरची सुटी भुकटी तारेच्या बारीक लोकरीने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पुण्याचा जुलै यासाठी फुकटची भट्टी आहे. दुकानामागची मोरी पुरते, बायको मात्र कुरकुरते. अक्रोडाच्या दस्त्यावरचे दबलेले डाग ओला कपडा आणि इस्त्रीच्या वाफेने उठवले, मग जवसाचं तेल तळहाताने चोळलं. पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथे लाकडावर फिकट रेघ होती. ती ठेवली.

बिल बघून काकू म्हणाल्या, "गाळ काढायचे वेगळे लावलेत की काय?" लावले नव्हते. तरी पाचशे कमी करून गेल्याच.

जाताना एकच बजावलं, चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ओल धरतं. पुढच्या पावसाळ्यात तपासायला आणणार होत्या. आणली, सुती धोतरात गुंडाळून. वर परवान्याची झेरॉक्स टाचलेली.