देठ चार इंच, छत्री नखाएवढी

जानेवारीत धिंगरी अळंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) एका शेडमालकांचा फोन आला. "साहेब, बियाणं बनावट निघालं. नुसते देठ येतायत, छत्रीच धरत नाही."

जाऊन पाहिलं तर बेड, म्हणजे काड आणि बियाणं भरलेल्या पिशव्या, पांढरेशुभ्र, घट्ट. बुरशीचं एवढं दाट जाळं विणणारं बियाणं वाईट कसं? देठ मात्र चार-चार इंच, पोवळ्यासारखे फाटे फुटलेले, आणि टोकाला छत्री नखाएवढी.

दार उघडताच कोंदट वास आला होता. थंडी म्हणून खिडक्यांना दुहेरी प्लास्टिक ठोकलेलं. मीटर लावला: कार्बन डायऑक्साइड साडेतीन हजार पीपीएम. बुरशी काडात पसरते त्या १५-१८ दिवसांत तिला हा वायू दहा हजारांवर गेला तरी चालतो, पण छत्री धरायला तो हजाराच्या आत लागतो. लाकडाच्या पोटात वाढणारी ही बुरशी. हवा कोंडलेली असली की अजून उघड्यावर आलोच नाही असं समजून ती देठ ताणत राहते. त्यात शेडमध्ये अंधार. पेपर वाचता येईल एवढा उजेड रोज ८-१० तास तरी हवा.

ते झुपके सुधारत नाहीत, म्हणून बुडापासून पिळून काढायला लावले. प्लास्टिक उतरवून खिडक्यांना ओलं गोणपाट लावलं, दर दोन तासांनी दहा मिनिटं पंखा. नुसता पंखा लावला तर टाचणीएवढे कोंब सुकतात, म्हणून आर्द्रता ८० ते ८५ टक्के ठेवायची. फवारा भिंतींवर आणि जमिनीवर, कोंबांवर नाही. ते पिवळे पडून कुजतात.

कोपऱ्यातल्या बारा बेडची गोष्ट वेगळी होती. वीस दिवस होऊनही एकही कोंब नाही. बेडच्या पोटात थर्मामीटर खुपसला तर ३४ अंश, खोलीत २३. "कोंडा किती घातलात?" "सुक्या काडाच्या दहा टक्के. जरा जोर येईल म्हटलं." कोंड्यातल्या नत्रानं बेड तापतो, आणि खाणं मुबलक असेपर्यंत बुरशी फळायची घाई करत नाही. शिवाय काड फक्त गरम पाण्यात तासभर बुडवलेलं, निर्जंतुक नव्हे. उरलेल्या नत्रावर दुसरी, नको असलेली हिरवी बुरशी टपलेलीच असते. चार बेडवर ती दिसलीही. ते शेडमध्ये न फोडता बाहेर नेऊन पुरले, बाकीचे आठ सुटे करून थंड बाजूला टांगले.

नवव्या दिवशी मालकांनी फोटो पाठवला. छत्र्या तळहाताएवढ्या, देठ आखूड. आठांपैकी पाचांवर कोंब आले होते.