‘स्थानिक पुरावा जोडावा’: ऊसतोड कुटुंबांच्या बाळांच्या प्रस्तावाचा माझा अनुभव

आमची मागणी साधी होती. बाळंतिणीच्या घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात, भेटी पूर्ण झाल्या की 250 रुपये मिळतात. पण मराठवाड्यातली टोळी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघते आणि दहा दिवसांचं बाळही तिच्यासोबत कारखान्याच्या तळावर जातं. गावची आशाताई तिथे जाणार कशी? तिथल्या आशाताईच्या रजिस्टरात ते बाळ नसतंच. दोघींनी भेटी वाटून घ्याव्यात, पैसेही तसेच मिळावेत, एवढंच आम्ही मागितलं.

तालुक्याची सही लगेच झाली. जिल्ह्याच्या कार्यालयात फाइल बसली ती बसलीच. शेरा होता: ‘स्थानिक पुरावा जोडावा.’

आम्ही गडचिरोलीचा अभ्यास जोडला होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2011 मध्ये केंद्राने घरभेटींचा कार्यक्रम देशभर नेला. जिल्ह्याचे साहेब म्हणाले, “तिथे बाळंतपणं घरी व्हायची, आपल्याकडे दवाखान्यात होतात. हे आपल्याला लागू नाही.”

मला संताप आला. गडचिरोलीची आई बाळंत झाल्यावर गावातच राहायची, आमची राहत नाही, हा फरक तर आम्हीच प्रस्तावात मांडला होता! मग कार्यक्रमात बदल करायचा की बाळाला वाऱ्यावर सोडायचं? शिवाय स्थानिक पुरावा आणायचा कुठून? भेट झाली नाही की अहवालात ‘कुटुंब बाहेरगावी’ एवढंच लिहितात. बाळ आजारी पडलं का, कुठे नेलं, कशाचीच नोंद नाही. जे कोणी लिहूनच ठेवलं नाही, त्याचा कागद आमच्याकडे मागत होते.

शेवटी आशाताईंच्या डायऱ्या आणि माता-बाल संरक्षण कार्डं घेऊन बसलो. एका कार्डावर पहिल्या दोन भेटींची वजनं निळ्या शाईत, पुढचे रकाने कोरे, मागे मुकादमाचा फोन नंबर. अशा बाळांचा एका पानाचा तक्ता केला: निघाल्याची तारीख, ठिकाण, शेवटची भेट. ते पान जोडल्यावर ‘स्थानिक पुरावा’चा शेरा हटला. तुम्हीही असा प्रस्ताव देणार असाल, तर टोळी निघण्याआधी मुकादमाचा नंबर घ्याच. आणि हो, प्रत्येक कागदाचा आवक क्रमांक मागून घ्या. आमचं एक पत्र ‘आलंच नाही’ म्हणाले होते.

भेटी वाटून घ्यायला मंजुरी मिळाली. पैसे मात्र अजून एकाच आशाताईच्या नावावर निघतात. त्यासाठी नवं पत्र दिलंय, या वेळी लेखा विभागाला आधी दाखवून.