टिनावर बसेल असं पॅनेल : आमची वाटचाल

मागच्या मे महिन्यात आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडचे एक राईस मिलवाले दुकानात आले, म्हणे भाऊ लाईटबिल लई येऊन राहिलं, टिनावर सोलर टाकून द्या. पोरांना घेऊन गेलो, शिडी लावून वर चढलो. अँगल बारीक, जोडाजोडाला गंज, टिना अशा की पाय ठेवला की दबतात. साडेपाचशे वॅटचं एक पॅनेल अठ्ठावीस किलोच्या आसपास जाते, मिलला लागतील साठ-सत्तर, वरून स्ट्रक्चरचं वजन, आणि आपल्याकडचं मेमधलं वादळ खालून शिरलं की पॅनेल पतंगासारखं उचलते ते वेगळंच. खाली बाया पोती शिवत बसलेल्या दिसत होत्या. मी काम घेतलं नाही. त्या वर्षातलं असं सोडलेलं ते सहावं काम होतं.

त्या सहा कामांमुळंच हे लिहून राहिलो, कारण सिलिकॉन, म्हणजे आजचे बहुतेक पॅनेल ज्याचे बनते ते, सोडून जे नवीन मटेरियल येऊ राहिले त्यांचं मार्केट कुठं आहे असं कोणी मला विचारलं तर मी पहिले त्या टिना दाखवीन.

आमचं दुकान मुळात मोटर वाइंडिंगचं, सिंदेवाहीत, बाबांनी सुरू केलेलं. धानाच्या हंगामात व्होल्टेज पडायचं, मोटरी जळायच्या, लोक सायकलवर बांधून आणायचे, दुकानात दिवसभर वार्निशचा वास. मी २०१२ ला पहिल्यांदा पॅनेल आणले, चाळीस वॅटचे, दोन बल्ब अन् मोबाईल चार्जिंग, जंगलाकडच्या गावांत विकले. बाबा म्हणायचे काच कोण विकत घेते. पण घेतली लोकांनी. मग २०१९ ला कुसुम योजना आली, पंपाचं काम सुरू झालं, आणि २०२४ पासून मागेल त्याला सौर कृषी पंप, त्यात शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला पाचच टक्के. आज आम्ही नऊ जण आहो.

आमच्या भागात दिवसाच्या पाण्याची किंमत बाहेरच्याला कळत नाही. लाईन रात्रीची असली की माणूस रात्री बॅटरी घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, जातो आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या पट्ट्यात बांधीत रात्री वाघ असतो, ही सांगायची गोष्ट नाही, घराघरातली भीती आहे. एका म्हाताऱ्या काकाजींच्या वावरात पंप चालू केला, पाणी पडलं, ते पाण्याकडं पाहिलेच नाही, घराकडं तोंड करून बायकोला ओरडले, "आता रातच्यानं जावं नाई लागत वो!" हे सगळं सिलिकॉननं दिलं. म्हणून सिलिकॉनला नावं ठेवून नवीन माल विकायचा हा धंदा मी करणार नाही.

पण सिलिकॉनचे आपल्याकडं दोन त्रास आहेत, ऊन आणि वजन.

ऊन आधी सांगतो. पॅनेलमागे जे वॅट छापलेले असतात ते सेलचं तापमान २५ अंश धरून. मे महिन्यात दुपारी एक वाजता मी तापमानाची गन पॅनेलच्या मागून धरली तर ६८ अंश. साध्या मोनो पर्क, म्हणजे नेहमीच्या सिलिकॉन, पॅनेलचं दर अंशाला साधारण ०.३५ टक्का उत्पादन घटते, म्हणजे ४३ अंशांत पंधरा टक्के गेले, गिऱ्हाईकाला वाटते यानं हलका माल दिला. मग मी नागपूरहून कॅडमियम टेल्युराइडचे, म्हणजे सिलिकॉनऐवजी दुसऱ्या मटेरियलचा पातळ थर दिलेले, दोन जुने पॅनेल आणले, बिनफ्रेमचे, नुसती काळी काच, आणि दुकानाच्या स्लॅबवर आमच्या नेहमीच्या पॅनेलशेजारी लावले. ह्या मटेरियलमध्ये घट अंशाला ०.३ च्या आसपास असते. दोन उन्हाळे वहीत रीडिंग लिहिले. खरं सांगतो, फरक आहे पण दीड-दोन टक्क्यांचा, आणि तेवढ्यात सिलिकॉनच सुधारून राहिलं, त्यातलेच हेटेरोजंक्शन नावाच्या नवीन प्रकारचे पॅनेल ०.२६ वर आले. म्हणजे नुसत्या उन्हाच्या भरवशावर नवीन मटेरियल इथं विकल्या जाणार नाही, हे मला त्या वहीनं शिकवलं.

वजनाचं मात्र वेगळं आहे. सिलिकॉनचा वेफर, म्हणजे आतली पातळ चकती, स्वतः दीड-पावणेदोनशे मायक्रॉनचा, पापडासारखा ठिसूळ, त्याला सांभाळायला जाड काच न् अॅल्युमिनियमची फ्रेम लागते, सगळं वजन तिथं आहे. कॅडमियम टेल्युराइड, सीआयजीएस (तांबं, इंडियम, गॅलियम, सेलेनियमचं मटेरियल), पेरोव्स्काइट (एका खास स्फटिक-रचनेचं मटेरियल) ह्यांना उजेड पकडायला दोन-तीन मायक्रॉन किंवा त्याहून कमी थर पुरतो, त्यातले काही प्लॅस्टिकच्या पन्नीवर नाहीतर पातळ पत्र्यावर चढवता येतात. टिनावर चिकटवायचं, छिद्र नाही, स्ट्रक्चर नाही. राईस मिल, कुक्कुटपालनाचे शेड, शेळ्यांचे गोठे, बाजार समितीचे ओटे, आमच्या तालुक्यात असे टिन मी रोज पाहतो.

ह्यात मी हात पोळून घेतलाय. २०२१ ला एका व्यापाऱ्याकडून सीआयजीएसच्या वाकणाऱ्या शीट आणल्या, शेजाऱ्याच्या गोठ्यावर चिकटवल्या, पहिला उन्हाळा मस्त गेला. दुसऱ्या पावसाळ्यात कडा सुटल्या, आत ओल गेली, तपकिरी डाग पसरत गेले आणि दिवाळीपर्यंत उत्पादन अर्ध्यावर. व्यापाऱ्याचा फोन लागेना. शेजाऱ्याला मी पूर्ण पैसे परत दिले, हप्त्याहप्त्यानं दिले पण दिले, कारण इथं एका गोठ्यावर बिघडलं की पाच गावांत सांगते लोक.

मोठ्या लोकांचंही असंच झालं आहे. अमेरिकेतल्या सोलिंड्रा कंपनीनं सीआयजीएसच्या नळ्या काढल्या होत्या, सपाट छतावर नुसत्या ठेवायच्या, छिद्र पाडायचं काम नाही. सरकारनं ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली, आणि २०११ ला दिवाळं निघालं, कारण तेवढ्यात सिलिकॉनचे भाव कोसळले. आताही तोच धोका आहे. कॅडमियम टेल्युराइड टिकलं ते मोठ्या जमिनीवरच्या प्रकल्पांत, त्याचा फर्स्ट सोलर कंपनीचा कारखाना तमिळनाडूत २०२४ पासून आहे, पण तो दोन काचांमधला माल, चांगला पण वजनदार, माझ्या टिनाच्या कामाचा नाही. शिवाय त्यातलं टेल्युरियम बहुतेक तांबं शुद्ध करताना निघते, त्याची वेगळी खाण काढून उत्पादन सहजी वाढवता येत नाही, आणि चीननं २०२५ ला त्याच्या निर्यातीवर बंधनं टाकली.

राहिलं पेरोव्स्काइट. जपानमध्ये २००९ ला पहिला सेल झाला तेव्हा उजेडाची ३.८ टक्केच वीज व्हायची, आणि आता सिलिकॉनवर ह्याचा थर चढवून प्रयोगशाळेत ३४ टक्क्यांच्या वर गेले, जिथं एकट्या सिलिकॉनची हद्दच २९.४ आहे. ऑक्सफर्ड पीव्ही ह्या कंपनीनं असे जोड-थराचे पॅनेल २०२४ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा गिऱ्हाईकाला पाठवले. मुंबईच्या आयआयटीतही ह्यावर काम चालू आहे. हे वाचलं की मला झोप येत नाही, खरंच, कारण शाई छापल्यासारखा थर देता येणारं मटेरियल म्हणजे माझ्या टिनाचं उत्तर.

पण त्याला ओल अन् उष्णता चालत नाही आणि आमच्याकडं मे मध्ये ६८ अंश अन् जुलैमध्ये महिनाभर झड. ८५ अंश, ८५ टक्के दमट हवा आणि हजार तास, ही टेस्ट पास केल्याचा कागद मी आता प्रत्येक विकणाऱ्याला पहिले मागतो. दुसरं म्हणजे त्यात शिसं असते, थोडंच, पण पाण्यात विरघळणाऱ्या रूपात. वानरं आमच्याकडं पॅनेलवर उड्या मारते, मागच्या वर्षी तीन काचा फुटल्या. तसं फुटलेलं पॅनेल बांधीच्या धुऱ्यावर असलं अन् पाणी धानात उतरलं तर? धानाच्या वावरात हे मी लावणार नाही, शिसं अडवणारा थर सिद्ध झाल्याशिवाय नाहीच. शेडच्या टिनावर, जिथलं पाणी नालीत जाते, तिथंही मोडकं पॅनेल परत कोण नेणार हे आधी लेखी पाहिजे.

आणि सबसिडी. घराच्या छतासाठीच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार मिळतात, पण पॅनेल सरकारी यादीतलं अन् सेल भारतातला पाहिजे. नवीन मटेरियल यादीत यायला वेळ लागेल, म्हणून पहिलं गिऱ्हाईक बिनसबसिडीचंच राहणार, म्हणजे मिलवाले अन् शेडवाले. छोट्या दुकानाला जागा आहे ती इथं, कारण कुठला टिन किती गंजला आहे हे मोठ्या कंपनीच्या माणसाला माहीत नसते, आम्हाला माहीत असते. गेल्या हिवाळ्यापासून आम्ही त्याची वही केली आहे. गाव, शेडची लांबी-रुंदी, अँगलची जाडी, टिनाचं वय, तोंड कुणीकडं, महिन्याचं युनिट. एकशे बारा शेड झाले, मोठी मुलगी बारावीत आहे ती शनिवारी सोबत येते, टेप धरते.

मूलच्या मिलवाल्यांचं म्हणाल तर टिन तसेच रिकामे ठेवले, अन् धान वाळवायच्या ओट्याच्या कडेला पडीत जागा होती तिथं जमिनीवर दहा किलोवॅट उभं करून दिलं, साधं सिलिकॉन, भोवती जाळी. बिल सगळं नाही गेलं, बरंच कमी झालं. परवा त्यांचा फोन आला होता, विचारत होते टिनावर चिकटवायचं ते आलं का. म्हटलं अजून नाही काकाजी, आलं की पहिले माझ्या दुकानाच्या टिनावर दोन पावसाळे काढू द्या.