आमची वाटचाल : केबलच्या डिशपासून चंद्राच्या फीडपर्यंत

१९९० नंतर एशियासॅट-१ या उपग्रहावरून नवे चॅनल दिसू लागले आणि पुण्यात गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. ८ फुटी, १२ फुटी जाळीच्या डिश गच्च्यांवर चढत होत्या. भोसरीतला आमचा छोटा कारखाना त्या डिशच्या फासळ्या, स्टँड आणि फीड (डिशच्या नाभीशी बसून लहरी टिपणारा किंवा सोडणारा भाग) धरणारे पाय बनवायचा. पुढे घरोघर डीटीएचच्या छोट्या डिश आल्या आणि हे काम आटत गेलं. यंत्रं आणि कारागीर मात्र आमच्याकडेच राहिले, आणि डिशचा नाभिबिंदू कसा सापडतो याची जाणही.

अशात ओळखीचे एक ज्येष्ठ हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, काका जुनी ३ मीटरची डिश घेऊन आले. परदेशातले हॅम १२९६ मेगाहर्ट्झवर चंद्रावर आपटवून जे संदेश पाठवतात, ते त्यांना ऐकायचे होते. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर. संदेश जाऊन परतायला अडीच सेकंद लागतात. चंद्राचा पृष्ठभाग आलेल्या ऊर्जेतली जेमतेम ७ टक्के परत फेकतो आणि जाण्यायेण्यातली घट २७० डेसिबलच्या घरात जाते. १९६० च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या दोन हॅम केंद्रांनी याच पट्ट्यावर चंद्रामार्फत पहिल्यांदा दुतर्फा संपर्क साधला. पल्सारवरच्या (ठरावीक ठोक्याने रेडिओ लहरी सोडणाऱ्या ताऱ्यांवरच्या) कामासाठी नोबेल मिळालेले जो टेलर यांनी पुढे अतिशय क्षीण संदेश उलगडणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि ३ मीटरची डिशसुद्धा या खेळात उतरू शकली. आमच्या जवळच, नारायणगावाजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश पल्सार ऐकतात. त्यांच्या नाभीशी बसवलेल्या फीडकडे आम्ही फार आदराने पाहत आलो आहोत.

काकांच्या डिशपासून आमचा एक नियम ठरला: डिश मापल्याशिवाय फीड बनवायचं नाही. ३ मीटर व्यास आणि ४७ सेंटिमीटर खोली असेल, तर व्यासाच्या वर्गाला खोलीच्या सोळापटीने भागायचं. नाभी सुमारे १.२ मीटरवर येते. तिथून पाहिलं तर डिशची कड अक्षापासून ६४ अंशांवर दिसते. फीडचा झोत त्या कडेला मध्यापेक्षा १० ते १२ डेसिबलने उतरलेला हवा. झोत त्याहून रुंद असेल तर कडेबाहेरून तापलेल्या जमिनीचा गोंगाट आत येतो. अरुंद असेल तर डिशची बाहेरची जाळी वाया जाते. डिश उथळ की खोल, त्यावर फीडच्या तोंडाभोवतीची चोक रिंग (झोताला आकार देणारं धातूचं कडं) किती पुढे-मागे ठेवायची ते ठरतं. सगळ्यांना चालणारं एकच फीड विकणं धंद्याला सोपं आहे, पण आम्हाला ते पटत नाही.

आमचं मुख्य काम सेप्टम फीडचं. चौकोनी नळीच्या मधोमध पायऱ्या कापलेला पत्रा, म्हणजे सेप्टम, उभा असतो आणि त्याच्या दोन बाजूंची दोन दारं उजवं आणि डावं वर्तुळाकार ध्रुवण (लहर पुढे जाताना कुठल्या बाजूला फिरते ते) वेगळं करतात. हे हवंच, कारण चंद्रावर आपटून परतताना ध्रुवणाची दिशा उलटते. डिशवर आपटतानाही ती उलटते, म्हणून कुठलं दार पाठवायचं आणि कुठलं ऐकायचं हे आम्ही पत्र्यावर कोरूनच देतो. पायऱ्या लेझरने कापून घेतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो, म्हणून सेप्टम स्क्रूने बसवतो. मग नेटवर्क अॅनालायझर या मापनयंत्रावर दोन दारांमधलं विलगीकरण पाहतो. ते २५ डेसिबल आलं तरी ५०० वॉट पाठवताना दीड वॉट ऐकण्याच्या दाराकडे गळतात. तेवढ्यात प्रीअँप, म्हणजे क्षीण संदेश वाढवणारा भाग, जळतो. पाठवताना प्रीअँप तोडून ठेवणारा रिले लावल्याशिवाय फीड चालू करू नका, हे प्रत्येक ग्राहकाला आम्ही फोनवर बजावतो.

प्रीअँप फीडच्या दारालाच चिकटलेला हवा. मधल्या केबलमध्ये ०.१ डेसिबल गेला तरी सुमारे ७ केल्विन गोंगाट (तो तापमानात मोजतात) वाढतो आणि थंड आकाशाकडे पाहताना तो लगेच जाणवतो.

बसवण्याचं कामही आम्ही बनवण्याइतकंच महत्त्वाचं मानतो. फीडचा झोत ज्या बिंदूतून निघाल्यासारखा भासतो, तो बिंदू (फेज सेंटर) तोंडाच्या जवळपास असतो, नेमका कुठे ते कागदावर पूर्ण कळत नाही. म्हणून फीड धरणाऱ्या आमच्या बैठकीत ते सरकवण्याची खाच असते. डिश सूर्याकडे धरायची, मग मोकळ्या आकाशाकडे, आणि दोन्हीकडच्या गोंगाटातला फरक सर्वांत जास्त येईल तिथे बोल्ट आवळायचे. आपल्याकडच्या पावसाने आणखी दोन गोष्टी शिकवल्या: पाणी निघायला भोक हवं आणि तोंडावर टेफ्लॉनचं पातळ झाकण. झाकण नसलं की कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते आणि जुळवणी बिघडते. झाकणासकट मोजमाप केल्याशिवाय फीड कारखान्याबाहेर जात नाही.

आज आमची बहुतेक फीड परदेशी जातात. सध्या ४३२ मेगाहर्ट्झच्या फीडवर काम चाललं आहे. तिथे आयनांबरातून जाताना ध्रुवण फिरतं, म्हणून काटकोनात बसवलेले दोन डायपोल (सरळ दांड्यांचे अँटेना) हवेत आणि नाभीशी वजनही वाढतं. पायांचं डिझाइन नव्याने करतो आहोत. फीड हवं असल्यास डिशचा व्यास, खोली, जाळीच्या भोकाचं माप आणि आत्ताच्या पायांचा फोटो पाठवा. किंमत त्यानंतर सांगू.