तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या एट हंड्रेडमध्ये काय काय बदलू?

"ताई, आम्हीपण एक जुनी एट हंड्रेड घेतोय. तिच्यात काय काय करून घेऊ?" माझी १९९७ची मारुती ८०० पाहून हा प्रश्न मला सतत विचारला जातो. पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, नाशिकच्या पेठ रोडला आरटीओच्या रांगेतसुद्धा. विचारणारा बहुतेक वेळा विशी-पंचविशीतला असतो आणि अलॉय व्हील, रुंद टायर, मोठा सायलेन्सर एवढं त्याचं ठरलेलं असतं. उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गाडी कंपनीने बनवली तशी चालती करा. मग जे मोजल्यावर कमी पडतंय असं दिसेल, तेवढंच बदला. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तिथे मापात बसत नाही हे दाखवल्याशिवाय कुठलाही पार्ट नापास करता येत नाही, आणि गाडीलाही मी तोच नियम लावते.

ही गाडी मुळात काय आहे ते लक्षात घ्या. पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ला ग्राहकाच्या हातात पडली, १९८६मध्ये तिचा आकार बदलला आणि जानेवारी २०१४मध्ये उत्पादन थांबलं. तीन सिलेंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाल्या गाडीला ३७च्या आसपास बीएचपी. एवढ्यावर ती पळते, कारण तिचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आहे. पॉवर स्टिअरिंग नसून ती कॉलेज रोडच्या गर्दीत सहज वळते, तीही हलकी आहे म्हणूनच. त्यामुळे कुठलाही बदल करताना मी पहिला प्रश्न विचारते, की याने तिचा हलकेपणा जातोय का?

रुंद टायरने तो जातो. मूळ टायर १४५/७० आर १२, त्याचा व्यास साधारण ५०८ मिलिमीटर. त्या जागी १५५/७० आर १३ बसवला की व्यास ५४७च्या घरात जातो, म्हणजे जवळपास ८ टक्के जास्त. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४-६५ला असते. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. कसारा घाटात किंवा नांदुरीहून सप्तशृंगीगड चढताना, चार माणसं बसलेली असताना, जिथे दुसऱ्या गिअरवर गाडी आरामात निघायची तिथे पहिला टाकावा लागतो. वर टायर मडगार्डला घासतो, स्टिअरिंग जड होतं आणि व्हील बेअरिंगवर भार येतो तो वेगळाच. दिसायला ती छान दिसते हे मी मान्य करते. पण तेवढ्याच पैशांत चांगल्या कंपनीचे मूळ मापाचे नवे टायर येतात, आणि जुन्या गाडीला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसली तरी ते वर्ष आधी वाचा.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी-सोडणारी झडप. याबद्दल मला मनापासून राग आहे. मार्चमध्ये ऊन वाढलं आणि गाडी गरम झाली की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो, "थर्मोस्टॅट काढून टाकू, पाणी मोकळं फिरेल." गाडी गरम व्हायची थांबतेही, म्हणून सल्ला बरोबर वाटतो. पण थर्मोस्टॅटचं काम इंजिन लवकर गरम करून ठरलेल्या तापमानाला ठेवणं हे आहे. तो काढला की डिसेंबर-जानेवारीत, पारा दहाच्या खाली असताना, इंजिन बराच वेळ थंडच राहतं. चोक जास्त वेळ ओढावा लागतो, जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं, रिंगा झिजतात आणि अ‍ॅव्हरेज पडतं. खरा दोष तसाच राहतो तो रेडिएटरमध्ये. वर्षानुवर्षं बोअरिंगचं पाणी भरल्यामुळे नळ्यांत क्षार बसलेला असतो, किंवा फॅनचा स्विच वेळेवर लागत नाही.

थर्मोस्टॅट चांगला आहे की नाही हे घरी कळतं. तो काढा आणि दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात असा टांगा, की तळाला टेकणार नाही. शेजारी थर्मामीटर सोडा आणि गॅस बारीक ठेवा. थर्मोस्टॅटवर अंश कोरलेले असतात. आतलं मेण त्या तापमानाच्या आसपास फुगायला लागतं आणि झडप आधी केसाएवढी सुटते, मग हळूहळू पूर्ण उघडते. पाणी थंड झालं की तशीच बसते. उघडली नाही किंवा अर्धवट बसली तर नवा आणा, महाग नसतो. उघडली तर परत लावा आणि रेडिएटर साफ करून घ्या. त्यानंतर कूलंटच, आणि तेही डिस्टिल्ड पाण्यात मिसळून.

मी स्वतः केलेला आणि प्रत्येकाला सुचवते असा बदल बाहेरून दिसतच नाही. हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच. या गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. हाय बीमचे दोन बल्ब म्हणजे १२० वॅट, साधारण १० अँपिअर, आणि तेही पंचवीस-तीस वर्षं जुन्या कॉन्टॅक्टमधून. माझ्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बच्या पिनवर ११.९. हॅलोजनला मिळणारं व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं की उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो, त्यामुळे रात्री पेठ रस्त्याच्या घाटात मला कडेचा पांढरा पट्टा दिसत नव्हता. लोक अशा वेळी १०० वॅटचे बल्ब घालतात. मग होल्डर वितळतो, स्विच जळतो, समोरच्याच्या डोळ्यांवर तिरीप जाते. बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर आणली, दोन रिले बसवले आणि जुन्या स्विचकडे फक्त रिले चालवायचं काम ठेवलं, की तेच ६०/५५ वॅटचे बल्ब लख्ख पेटतात. हे करायच्या आधी आणि नंतर मल्टिमीटर लावून बघा.

पेट्रोलचं वेगळं सांगावं लागतं, कारण पेट्रोल बदललंय. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्या फुगतात, तडकतात, आणि गरम इंजिनाजवळ पेट्रोल गळणं म्हणजे आगीला निमंत्रण. इथेनॉल चालेल अशा नळ्या आणि नवे क्लिप आधी टाका. गाडीतल्या फ्युएल पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचं किट त्याच वेळी बदला. टाकीतला जुना मळ सुटून येतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदलावा लागतो. गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं.

स्पेअर मिळतात का, ही काळजी बऱ्याच जणांना असते. इंजिनाचे मिळतात. ओम्नीतही हेच ७९६ सीसीचं इंजिन होतं, ओम्नी २०१९पर्यंत बनत होती आणि शाळेच्या मुलांना नेणाऱ्या कितीतरी ओम्नी अजून रस्त्यावर आहेत. काचेची रबरं, हँडल, डॅशबोर्डचे तुकडे शोधावे लागतात. लेथच्या कामाला मात्र नाशिकसारखं गाव नाही. सातपूर-अंबडला लेथवाले इतके आहेत, की बुश टर्न करून मिळतो, हेडचं फेसिंग होतं, मागच्या ब्रेकचा ड्रम लेथवर मारून मिळतो. फक्त ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्याच्या पुढे एक फेरही मारू देऊ नका.

इंजिन बदलायचं, म्हणजे एस्टीमचं १३०० सीसी इंजिन घालायचं, हे विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही असंच आहे. ब्रेक, चॅसी, सस्पेन्शन ३७ बीएचपीसाठी बनलेलं आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही असं सांगितलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी आरसीवरचा इंजिन नंबर आधी बघते. गाडीचा रंग बदलला तरी आरसीवर नोंद करावी लागते.

"पंधरा वर्षांनी भंगारातच द्यावी लागते ना?" असंही विचारतात. ती अट दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी आली. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून, दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. त्यात विंटेजची सवलत धरू नका, त्याला ५० वर्षं लागतात. अगदी १९८३ची पहिली गाडीही २०३३पर्यंत त्यात बसत नाही.

आणि घ्यायला जाल तेव्हा इंजिनाच्या आवाजावर जाऊ नका, इंजिन पुन्हा बांधता येतं. मॅटिंग उचला आणि फ्लोअर, बॅटरीखालचा ट्रे, दारांच्या खालच्या कडा अंगठ्याने दाबून बघा. मुंबई-कोकणात राहिलेली गाडी स्वस्त मिळते, पण तिचा पत्रा आतून गेलेला असण्याची शक्यता जास्त. नाशिक पासिंगची, एकाच मालकाकडची, रंग उडालेली पण पत्रा कडक असलेली गाडी मिळाली, तर तिला चार पैसे जास्त द्या.